पंधरा पावलं मागे

पडद्यापलीकडून बोका बोलला. दातांच्या दवाखान्यात, मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास, हिरवट पडद्याआड खुर्चीत बसलेला कोणी पेशंट म्हणाला, “सावकाश, सावकाश, घाई कुणाला आहे,” आणि माझ्या हातातला कवळीचा डबा पडता पडता राहिला. हे वाक्य मी सहा वर्षं दर रविवारी सकाळी दहा ते बारा कानात ऐकत आलो आहे. तोच घोगरा आवाज, ‘घाई’वर तोच हेल, आणि गेले दोन महिने ‘स’ म्हणताना जी बारीक शीळ फुटायला लागली होती तीही जशीच्या तशी. मला वाटत होतं त्याचा माईक बिघडलाय. माईक कसला, खालचे दात गेले होते त्याचे, आणि नवे दात माझ्याच हातातल्या डब्यात होते. मी कवळ्या बनवतो. डॉक्टर साचा पाठवतात, सोबत चिठ्ठी. मी मेणात दात बसवतो, रंग जुळवतो, परत पाठवतो. माणूस कधी दिसत नाही. एकवीस वर्षांत हजारो जबडे हाताखालून गेले असतील, पण रस्त्यात समोरून येणाऱ्याचं तोंड मिटलेलं असेल तर मी कोणालाच ओळखायचो नाही. हाही जबडा दोन आठवडे माझ्या टेबलावर होता. डाव्या बाजूने जास्त चावणारा माणूस, एवढंच मला ठाऊक होतं. रंगाबद्दल शंका होती म्हणून त्या दिवशी स्वतः आलो, नाहीतर कुरियरनेच पाठवतो. डॉक्टरीणबाई पडद्याबाहेर डोकावल्या आणि म्हणाल्या, “आणलीत का मेणातली ट्रायल? या ना आत, बघून घ्या कशी बसते.” मी मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, मलाच कळलं नाही. “घसा बसलाय वाटतं,” त्या म्हणाल्या. मी पुन्हा मान हलवली, डबा त्यांच्या हातात दिला आणि जिना उतरून समोरच्या कुलपांच्या दुकानापाशी जाऊन उभा राहिलो.

बोका म्हणजे कोण ते सांगायला हवं, आणि सांगायचं म्हणजे थोडी लाज वाटते. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या दर रविवारी पडदे ओढून कॉम्प्युटरसमोर बसतो, टेबलाला पट्टीने बांधलेली एक काठी हातात धरतो आणि जुनी पंख्याची विमानं उडवतो, हे ऐकून माझी ताई अजून हसते. “तुझं घुर्र घुर्र चालू आहे का अजून?” शनिवारी फोनवर तिचा पहिला प्रश्न. चालू आहे. आकाशात आपल्यासारखेच पंधरा-वीस रिकामटेकडे असतात, निम्मे या बाजूचे, निम्मे त्या बाजूचे, आणि एकमेकांना पाडायचं असतं. आम्ही जोडीने उडतो. बोका पुढे, मी त्याच्या उजव्या अंगाला, जरा मागे, जरा वर. तो शिकार करतो, मी त्याची पाठ राखतो. खेळणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव ‘बोका’, माझं ‘दाढ’. तो मला दाढोबा म्हणतो. नियम माझा होता, पहिल्याच महिन्यात घातलेला: घरचं काही बोलायचं नाही. हवेत असताना हवेतलं बोलायचं. दिशा घड्याळाच्या आकड्यांनी सांगतात, नाकासमोर बारा, पाठीमागे सहा, आणि आमचं सगळं बोलणं तेवढंच: तीनला एक, वर. दहाला दोन, लांब आहेत. तुझ्या सहाला मी आहे, जा. सहा वर्षं. आठवड्यात मी ज्या माणसाशी सलग दोन तास बोलायचो असा तो एकटाच. लॅबमध्ये आम्ही तिघं, तिघांच्या तोंडाला मास्क आणि कानाशी ग्राइंडरची घरघर. तिथे कोण काय बोलणार, कप्पाळ! नियम त्याने एकदाच मोडला, तोही गरज म्हणून. दीड वर्षापूर्वी म्हणाला, “दाढोबा, मला काचबिंदू आहे. कडेचं दिसेनासं झालंय, नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं. आता कडेचं तू बघ.” तेव्हापासून मी त्याच्या कडा झालो. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं. कुणाचा डोळा गेला म्हणून आपल्याला बरं वाटावं, काय माणूस आहे मी! आणि मग थंडीत एकदा, दोन विमानं पाडून परत येताना, तो म्हणाला, “एकदा भेटू या की रे. डोळे आहेत तोवर तुझं तोंड बघून घेतो.” मी म्हटलं, “तीनला एक आहे, वळ.” तीनला कोणीही नव्हतं. तो वळला बिचारा, शोधत राहिला, आणि विषय गेला. मग महिन्यातून एकदा तरी तो विचारायचा, आणि दर वेळी मी आकाशात कोणीतरी उभं करायचो.

तो दवाखान्यातून बाहेर आला तेव्हा मी आधी त्याच्यामागे कोणी येतंय का ते बघितलं. कारण हा बोका असणं शक्य नव्हतं. सत्तरी ओलांडलेला, किडकिडीत, पांढरी शुभ्र दाढी, हातात काठी, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. ज्याला मी सहा वर्षं ‘अबे आंधळ्या, डावीकडे’ म्हणून ओरडत आलो तो माझ्या वडिलांच्या वयाचा निघाला. त्याने पायरीवर उभं राहून रस्ता बघितला. बघितला म्हणजे सगळं अंग वळवून आधी डावीकडे, मग उजवीकडे, कारण नुसती मान वळवून त्याला पुरत नसणार. आता जायचं, मी स्वतःला सांगितलं. जायचं आणि म्हणायचं, नमस्कार, मी दाढ. हे वाक्य मी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं आणि इतकं हास्यास्पद वाटलं की दुकानदार कुलूप पुसता पुसता माझ्याकडे बघायला लागला. तेवढ्यात तो चालू लागला आणि मीही निघालो. त्याच्यामागे जायचं असं ठरवलं नव्हतं. पाय निघाले.

मागे राहण्याची ही विद्या लोकांना वाटते तशी नाही. नवशिका समोरचं विमान दिसलं की सरळ त्याच्यावर नाक रोखतो आणि सुटतो. वेग जास्त, अंतर कमी, आणि पुढचा जरा वळला की हा भप्पकन त्याच्या पुढे निघून जातो. मग ज्याची शेपूट धरायला गेला तोच याच्या शेपटीला. बोक्याने मला पहिले सहा महिने हेच शिकवलं: नाक त्याच्यावर ठेवू नकोस, त्याच्या जरा मागे ठेव. तो जिथे होता तिथे जा, तो जिथे आहे तिथे नको. तिथे गेलास की त्याला तू दिसत नाहीस, आणि तुझ्यापाशी वेळच वेळ असतो. सावकाश, घाई कुणाला आहे. आणि वेग जास्तच झाला तर ब्रेक शोधू नकोस, वर जा. उंचीत वेग जिरव, वरून त्याला बघत राहा, आणि पुन्हा त्याच्यामागे उतर. मी चांगला शिष्य निघालो. त्या मंगळवारी मी त्याच्या मागे पंधरा पावलांवर, जरा डावीकडून चालत राहिलो, त्याच्या नळीबाहेर. तो बँकेपाशी थांबला, मी थांबलो. त्याने रस्ता ओलांडला, मी ओलांडला. एका पिवळ्या इमारतीत तो शिरला, तळमजल्यावरच्या दाराला त्याने चाचपून किल्ली लावली, आणि दार बंद झालं. मी घरी आलो तो अक्षरशः हवेत. कितीतरी दिवसांत इतका आनंद झाला नव्हता. ताईचा वार नव्हता तरी मी तिला फोन केला आणि पाऊण तास बोललो. “काय रे, बाई भेटली की काय?” ती म्हणाली.

बाई. माझी बायको नऊ वर्षांपूर्वी सोडून गेली, भांडण न करता गेली, भांडायला मी समोर यायला हवा होतो ना. ती म्हणायची, “तू दारात उभा राहून बघतोस. मी कणीक मळतेय, मी केस विंचरतेय, मी रडतेय, तू आपला दारात. आणि मी वळले की तू नसतोस. आत ये ना एकदा, काय बोलायचं ते बोल.” मला खरंच कळायचं नाही तिची तक्रार काय आहे. मी बघत होतो की! मी तिला जितकं बघितलं तितकं कोणी कोणाला बघितलं नसेल, तिच्या मानेवरच्या दोन तिळांमधलं अंतर मी आजही मिलिमीटरमध्ये सांगू शकतो. मायेची माझी रीत हीच होती. वडिलांबरोबर चालतानाही मी मागेच असायचो. ते भराभर पुढे, मी सात-आठ वर्षांचा, त्यांच्या पाठीवर डोळे लावून पळत. शर्ट उजव्या खांद्यावर विटलेला, डावी टाच आतून झिजलेली. वळून न बघता म्हणायचे, “पाय उचल.” त्यांचं तोंड मला नीट आठवत नाही, ते गेले तेव्हा हॉस्पिटलात मी कितीतरी वेळ त्या तोंडाकडे बघत होतो आणि काहीच वाटत नव्हतं. मग परिचारिकेने त्यांना कुशीवर वळवलं, पाठ दिसली, आणि मला रडू आवरेना. ताई म्हणाली, आत्ता कळलं वाटतं याला.

गुरुवारी त्याची पुढची वेळ होती. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, साडेतीन, फायनल. बुधवारी ट्रायल परत आली, आणि त्यावरून मी जशी पक्की कवळी बनवली तशी आजवर दुसरी बनवली नाही. आठ तास लावले. पुढच्या सहा दातांना अगदी किंचित झीज दिली, सत्तरीच्या माणसाचे असतात तशी, नाहीतर म्हाताऱ्याच्या तोंडात नव्या कपबश्या मांडल्यासारखं दिसतं. आतून जीभ टेकते तिथे इतकं घासलं की ‘स’ शीळ न घालता निघावा. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, “कुणाची आहे रे, सासऱ्याची?” मी म्हटलं, मित्राची. हा शब्द माझ्या तोंडून निघाला म्हणून तो मास्क खाली करून बघायला लागला. आणि मी पक्कं केलं होतं, शपथेवर सांगतो, की गुरुवारी हाक मारायची. दवाखान्याच्या पायरीवरच. काका म्हणायचं की बोका म्हणायचं यावर रात्रभर डोकं चालवलं होतं. पण तो बाहेर आला, तोंड जरा हलवत, नव्या दातांवरून जीभ फिरवत, आणि माझ्याकडे पाठ करून निघाला. आणि ती पाठ बघितली की माझं सगळं ठरवलेलं पाण्यात. वाटलं, अजून दहा पावलं. पुढच्या दिव्याच्या खांबापाशी. बँकेपाशी. आणि खरं सांगायचं तर मजा येत होती. माझी पावलं आपोआप त्याच्या काठीच्या ठेक्यात पडत होती. पादचारी पुलाजवळ तो एकाएकी थांबला, आणि मी वेगात होतो. आणखी चार ढांगा आणि मी त्याच्या पुढे निघून गेलो असतो, थेट त्याच्या नळीत. डावीकडे पुलाचा जिना होता. मी वर चढलो. विचार करून नव्हे, हाताला सवय असते तसं. दहा-बारा पायऱ्या चढलो, वेग जिरला, कठड्यावरून खाली बघितलं, त्याचं टक्कल, त्याची काठी, तो पुन्हा चालू लागला, आणि मी पायऱ्या उतरून बरोब्बर त्याच्यामागे आलो. पंधरा पावलं. इतकं सुरेख जमलं होतं की मला त्याला सांगावंसं वाटलं: बघितलंस का, बोका, कसा घेतला!

तो वळला. सगळं अंग घेऊन, काठी आधी. “कोण आहे?” तो म्हणाला, माझ्या डाव्या हाताला जी मोटार उभी होती तिच्याकडे बघत. नव्या दातांतून शब्द स्वच्छ, खणखणीत. मी उभा. त्या भरात सात-आठ हातांवर आलोय, वारा त्याच्याकडून माझ्याकडे येतोय, त्याच्या साबणाचा वास येतोय. बोललो असतो तर एका शब्दात त्याने ओळखलं असतं, आणि म्हणूनच मी बोललो नाही. मी श्वास धरला. “कोण आहे? काय हवंय तुम्हाला?” त्याने काठी जराशी उचलली. एक पाऊल मागे सरकला. मी सहा वर्षांत त्याला एकदाही घाबरलेला ऐकलेला नाही. मागे तिघं लागलेले असताना तो शीळ घालायचा, दात शाबूत होते तेव्हा. मग तो भरभर निघाला, पदपथाच्या कडेला अडखळला, खांबाला धरलं, सावरला, आणि गेला. मी तिथेच. एक बाई पिशव्या घेऊन माझ्या बाजूने गेली आणि म्हणाली, “अहो, धरायचं ना त्यांना, नुसते बघताय काय!” बरोबर बोलली.

रविवारी दहा वाजता तो आला. मला वाटलं होतं येणार नाही. आम्ही वर चढलो, ढगांच्याही वर, तो पुढे, मी उजव्या अंगाला. “दाढोबा,” तो म्हणाला, “माझे दात आले,” आणि हसला. “नियम मोडतोय, पण आज मोडू दे. असे बसलेत म्हणून सांगू, जन्मजात असावेत तसे. कुणी बनवले त्याचे हात धरावेसे वाटतात.” मी म्हटलं, छान. मग तो बराच वेळ सरळ उडत राहिला. दहाला दोघं दिसत होते, लांब, आणि मी सांगितलं नाही. “आजचा हा शेवटचा हं,” तो म्हणाला. “मुलगी न्यायला आलीय. तिच्याकडे राहायचं आता. हे यंत्र तिथे नको म्हणते, डोळ्यांना ताण. मी अजून वर्षभर तरी दाद दिली नसती, एकट्याने सगळं जमतंय मला. पण या आठवड्यात कोणीतरी माझ्या मागे लागला होता रे. दोनदा. दिसत नाही म्हटल्यावर कान लागतात. मी थांबलो की बूट थांबायचे. विचारलं तर बोलेना. काय हवं होतं कोण जाणे. पैसे म्हणावे तर घेतले नाहीत. मुलीला सांगितलं ती माझी चूक. पोलिसांत जाऊ म्हणत होती, मी नको म्हटलं, मग म्हणाली, तर चला माझ्याकडे. भीती वाटली मला. आजवर पाठीमागची भीती म्हणून वाटली नाही कधी, सहाला तू असायचास. तेव्हा मनात आलं, आत्ता दाढोबा असता तर बरं झालं असतं.”

खाली समुद्र होता, खोटा, एकाच लाटेचा. मी म्हटलं, “तो मी होतो.”

“कोण?”

“गुरुवारी. मंगळवारीसुद्धा. मी होतो.”

त्याचं विमान जरा डावीकडे कललं आणि सरळ झालं. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. “मी विचारलं होतं,” तो म्हणाला. “कोण आहे म्हणून विचारलं होतं.”

“हो.”

“दोनदा विचारलं.”

“हो.”

“पडलो असतो मी.”

“माहीत आहे,” मी म्हटलं. आणि मग सगळं एकदम सांगायचं होतं, दवाखाना, पडदा, डबा, पुढच्या दातांची झीज, ज्याचे हात धरावेसे वाटतात तो मीच, मी वाईट माणूस नाही, पण जिभेवर आलं ते एवढंच, “मागून बरं वाटत होतं.” हे काय उत्तर झालं! पण खरं होतं तेवढं बोललो.

“हाक मारायची होतीस,” तो म्हणाला. रागाने नाही. “मी भेटू भेटू म्हणत होतो ना रे तुला? नुसती हाक मारायची होतीस. चहा पाजला असता.” आणि तेवढ्यात त्याच्या बाजूला दार उघडल्याचा आवाज आला, आणि एका बाईचा आवाज, लांबून, “बाबा, कुणाशी बोलताय?”

“कुणाशी नाही गं,” तो म्हणाला.

मला वाचवायला म्हणाला असेल. मुलीला कळलं असतं तर ती गप्प बसली नसती, म्हणून म्हणाला असेल. मी तसंच धरून चालतो, दुसरं धरलं तर उठवणार नाही मला खुर्चीतून. हेडफोन टेबलावर ठेवल्याचा टक आवाज झाला. खुर्ची सरकली. बंद करायचं तो विसरला, किंवा त्याला ते बटण दिसलं नाही, कडेला असतं. त्याचं विमान माझ्यापुढे सरळ चाललं होतं, आत कोणी नसलेलं, आणि माझ्या कानात त्याची खोली आली. इतकी जवळ. चिकटपट्टी टर्रकन ओढल्याचा आवाज, खोकं बांधत असणार. मुलगी म्हणाली, “ही चादर घ्यायची का इथेच द्यायची?” तो म्हणाला, “घे गं, तुझ्या आईची आहे.” पाणी कुठेतरी भरत होतं. ती काहीतरी पुटपुटली आणि तो हसला, मोठ्याने, मी कधी ऐकला नव्हता असा, घरातला. टेबलावरच्या हेडफोनमधून बारीकसा आवाज खोलीत जातो. मी जोरात हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती, पाच पावलांवर तर होता. तोंड उघडलंही होतं मी. मग मुलीची पावलं टेबलाच्या जवळ आली. मी माझा माईक बंद केला, न जाणो श्वास ऐकू जायचा, आणि ऐकत बसलो.